टोपी उलटी करून बघा

जुन्या जर्मन लष्करी टोप्या जमवणाऱ्याच्या घरी पाहुणा आला की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला: "कुणा अनोळखी शिपायाची घामट टोपी ती, तिच्यासाठी एवढे पैसे?" दुसरा, चहाचा कप खाली ठेवता ठेवता: "आणि ही खरी कशावरून?"

दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल. पहिल्याचं उत्तर मात्र बर्लिनमधल्या एका जोडे शिवणाऱ्याने १९०६ सालीच देऊन ठेवलं आहे.

१. एका टोपीने नगरपालिका लुटली

विल्हेल्म फोग्ट तेव्हा ५७ वर्षांचा होता. आयुष्याची बरीच वर्षं तुरुंगात गेलेली. सुटून आला तर पोलीस कुठल्या गावात टिकू देईनात. त्याने जुन्या कपड्यांच्या दुकानांतून प्रशियन कॅप्टनच्या गणवेशाचे भाग एकेक करून जमवले. कोट एकीकडून, टोपी दुसरीकडून. १६ ऑक्टोबर १९०६ रोजी तो सगळा जामानिमा अंगावर चढवून त्याने रस्त्यात भेटलेल्या शिपायांना हुकूम सोडला, त्यांना घेऊन रेल्वेने क्योपेनिक गावी गेला, नगरपालिकेत शिरून महापौरांना अटक केली आणि तिजोरीतले साडेतीन हजारांहून अधिक मार्क ताब्यात घेतले. वर रीतसर पावतीही दिली! दहा दिवसांनी तो सापडला, चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९०८ साली खुद्द कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, त्याला माफी दिली. क्योपेनिकच्या नगरपालिकेच्या दारात आज त्याचा गणवेशातला पुतळा आहे.

मराठीत फसवण्याला आपण 'टोपी घालणं' म्हणतो. फोग्टने आधी स्वतःला टोपी घातली आणि मग गावाला.

त्या दिवशी त्याच्या चेहऱ्याकडे कुणी नीट पाहिलंच नाही. शिपायांनी वाचली ती टोपी, आणि टोपीवर जे लिहिलं होतं त्यापुढे टाचा जुळवल्या. 'लिहिलं होतं' हे मी मुद्दाम म्हणतो आहे. त्या काळची जर्मन लष्करी टोपी हा रंगांनी लिहिलेला मजकूर असतो. तो वाचता आला की घामट कापडाचा दस्तऐवज होतो. संग्राहक पैसे मोजतो ते त्या दस्तऐवजाचे.

२. आधी आकार ओळखू

जर्मन लष्कर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं ते टोकदार भाला लावलेलं चामड्याचं शिरस्त्राण, 'पिकेलहाउबं'. प्रशियाने ते १८४२ साली स्वीकारलं. तोफखान्याने पुढे टोकाऐवजी गोळा लावला. पहिल्या महायुद्धात चामडं कमी पडलं तेव्हा हीच शिरस्त्राणं नमद्याची आणि पत्र्याचीसुद्धा बनली, आणि १९१६ पासून पोलादी हेल्मेटने त्यांना घरी बसवलं. पिकेलहाउबं दिवाणखान्यात शोभून दिसतं. त्याच्या नकला बनवण्याचा धंदा मोठा आहे आणि नाटक-सिनेमासाठीच्या अशा नकला आपल्या देशातूनही परदेशात जातात. या प्रकरणात मात्र मला शिरस्त्राणापेक्षा साध्या कापडी टोपीबद्दल बोलायचं आहे. शिरस्त्राण परेडला आणि लढाईला. बाकीचा सगळा दिवस, म्हणजे घोड्याला खरारा करताना, रांगेत सूप घेताना, पत्र लिहिताना, डोक्यावर असायची ती टोपी.

तिची तीन घराणी लक्षात ठेवली तरी पुरे.

कैसरच्या काळातल्या साध्या शिपायाची टोपी गोल, बसकी आणि बिनचोचीची. चोच म्हणजे कपाळावर पुढे येणारा कडक भाग. आपल्याकडच्या पोलीस अधिकाऱ्याच्या टोपीला असतो तो. शिपायाच्या टोपीला ती नसे. ऑफिसरच्या टोपीला असे. ऐपतीचा शिपाई सुट्टीत मिरवायला शिंप्याकडून स्वखर्चाने चांगल्या कापडाची, चोचवाली टोपी शिवून घेई. अशा खासगी टोप्या चांगल्या अवस्थेत सापडतात, कारण त्यांनी चिखल फारसा पाहिलेलाच नाही.

दुसरं घराणं चोचवाल्या टोपीचं, जे पुढे दोन्ही महायुद्धांच्या मधल्या काळात वाढलं. तिच्या माथ्याच्या दोन आकारांना जर्मन माणसं 'थाळी' आणि 'खोगीर' अशा अर्थाचे शब्द वापरतात. सपाट माथा म्हणजे थाळी. पुढून उंच, बाजूंना उतरता माथा म्हणजे खोगीर. थाळी आधीची, खोगीर १९३० च्या दशकात रूढ झालेलं.

तिसरं घराणं घडीच्या टोपीचं. तिला जर्मनमध्ये 'शिफशेन' म्हणजे होडकं म्हणतात. गांधी टोपी पाहिलेल्या माणसाला तिचा आकार वेगळा समजवायला नको. घडी घालून पट्ट्यात खोचता येते, वर हेल्मेट चढवता येतं. तिच्यानंतर १९४३ साली छोटी चोच आणि कानांवर उलगडणाऱ्या पट्ट्या असलेली एकसमान टोपी आली. १९४४ आणि ४५ साली इटलीत मराठा लाईट इन्फन्ट्रीची गाठ ज्या जर्मन सैन्याशी पडली, ज्या मोहिमेत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्या सैन्यात ही टोपी तोवर रुळली होती.

३. वरचा बिल्ला, खालचा बिल्ला

आता कैसरकालीन टोपी समोरून पाहू. इन्फन्ट्रीची असेल तर कापड गडद निळं, भोवतीचा पट्टा लाल, शिवणीवरची पायपिंगही, म्हणजे बारीक रंगीत गोटही, लाल. पट्टा काळा आणि पायपिंग लाल असेल तर तोफखाना असण्याची शक्यता मोठी. युद्धाच्या काही वर्षं आधी कापड करडं झालं, ज्याला 'फेल्डग्राउ' म्हणतात. पट्टा मात्र लालच राहिला. युद्धात तो लाल पट्टा शत्रूला लांबून दिसू लागला, तेव्हा त्यावर करड्या कापडाची फीत गुंडाळायची वेळ आली. अशी फीत टोपीसोबत टिकून राहिली असेल तर संग्राहक हरखतो.

पट्ट्यावर आणि त्याच्या वर असे दोन गोल बिल्ले दिसतील. हे समजायला थोडा इतिहास हवा. १८७१ साली जर्मनी एक झाला, पण तो २५ राज्यांचा संघ होता. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेमबर्ग या चार राज्यांची तर युद्धखातीही वेगळी. एकत्र कुटुंबात स्वयंपाक एक, पण प्रत्येक भावाच्या ताटावर त्याचं नाव कोरलेलं, तसा प्रकार. टोपीवरचा गोल बिल्ला म्हणजे ते ताटावरचं नाव. प्रशियाचा काळा-पांढरा-काळा. बव्हेरियाचा पांढरा-निळा-पांढरा. सॅक्सनीचा पांढरा-हिरवा-पांढरा. व्युर्टेमबर्गचा काळा-लाल-काळा, बाडेनचा पिवळा-लाल-पिवळा.

मग २२ मार्च १८९७ रोजी, आधीचा कैसर पहिला विल्हेल्म याच्या जन्मशताब्दीला, गादीवर असलेल्या दुसऱ्या विल्हेल्मने हुकूम काढला की सगळ्यांनी साम्राज्याचा काळा-पांढरा-लाल बिल्लाही लावायचा. टोपीवर तो गेला वर आणि राज्याचा राहिला खाली. राजकारण किती नेमकं शिवता येतं पाहा.

यातून कालनिर्णयाची एक सोपी युक्ती मिळते. एकच बिल्ला असेल आणि दुसऱ्याची खूण नसेल, तर टोपी १८९७ च्या आधीची असू शकते. दोन असतील तर टोपी त्या तारखेनंतर वापरात होती हे नक्की. 'वापरात होती' म्हटलं, 'शिवली' म्हटलं नाही, कारण जुन्या टोपीवर नवा बिल्ला टाचणं हे दोन मिनिटांचं काम आहे. खालच्या बिल्ल्यावर छोटा क्रॉस दिसला तर तो माणूस राखीव किंवा लांडवेर, म्हणजे वयाने मोठ्या राखीव शिपायांच्या, दलातला. काही हुसार घोडदळांच्या टोप्यांवर दोन बिल्ल्यांच्या मधोमध कवटी असे. ती पाहून लोक दचकतात आणि लगेच 'नाझी' म्हणतात. पण प्रशियन हुसारांची कवटी अठराव्या शतकापासूनची आहे. नाझींनी ती उचलली.

४. आता उलटी करा

नवखा माणूस टोपी हातात घेतो आणि समोरून बघतो. मुरलेला माणूस ती आधी उलटी करतो.

शिपायाची टोपी सरकारी मालमत्ता. प्रत्येक आर्मी कोअरचं कपडेखातं असे आणि तिथून निघालेल्या कपड्याच्या अस्तरावर शाईचा शिक्का बसे. आपल्याकडे शाळेच्या बाकावर किंवा रेल्वेच्या चादरीवर असतो तसाच. तो वाचायचा एक नमुना सोडवून पाहू.

समजा हातात फेल्डग्राउ टोपी आहे. पट्टा लाल. वरचा बिल्ला काळा-पांढरा-लाल, खालचा पिवळा-लाल-पिवळा. म्हणजे इन्फन्ट्री, आणि राज्य बाडेन. उलटी केली. अस्तरावर पुसट अक्षरं: 'बी. ए.', पुढे रोमन अंकांत १४, खाली १९१३. त्याखाली 'जे. आर. ११३'. 'बी. ए.' म्हणजे कपडेखातं. चौदावी कोअर म्हणजे कार्ल्सरूहं, बाडेनची राजधानी. वर्ष शिक्क्याचं. 'जे. आर.' म्हणजे इन्फन्ट्री रेजिमेंट. त्या काळी 'आय' हे अक्षर 'जे'सारखं छापायची पद्धत होती. ११३ क्रमांकाची रेजिमेंट बाडेनचीच, ठाणं फ्रायबुर्ग. राज्य, कोअर आणि रेजिमेंट, तिघांची साक्ष जुळली. युद्धाच्या आदल्या वर्षी फ्रायबुर्गच्या बराकीत कुणाच्या तरी डोक्यावर ही टोपी होती.

आता हाच नमुना थोडा बिघडवू. बाकी सगळं तेच, फक्त खालचा बिल्ला बाडेनचा नसून एखाद्या चिमुकल्या राज्याचा आहे. छोट्या राज्यांचे शिपाई थोडे, म्हणून त्यांच्या टोप्या थोड्या, म्हणून किंमत मोठी. बिल्ला तर दोन टाक्यांवर किंवा पिनेवर असतो. लगेच बिल्ल्याच्या कडेखाली बघायचं. शंभर वर्षं एकाच जागी बसलेल्या बिल्ल्याखाली कापडाचा मूळ रंग तसाच ताजा राहतो, आजूबाजूचा उडतो. भिंतीवरचा जुना फोटो काढल्यावर उजळ चौकोन दिसतो ना, तसं. तो उजळ गोल बिल्ल्याच्या मापाचा नसेल, किंवा पट्ट्यावर जुन्या टाक्यांची भोकं भलत्या जागी असतील, तर टोपी फ्रायबुर्गचीच आहे आणि बिल्ला कालपरवाचा. टोपी खरी, बिल्लाही कदाचित खरा, आणि दोघांचं लग्न खोटं.

ऑफिसरच्या टोपीत सरकारी शिक्का नसतो, कारण ती त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेली. तिथे अस्तरावर शिंप्याचं किंवा कंपनीचं नाव सापडतं. १९३० च्या दशकातल्या टोप्यांत माथ्याच्या आतून शंकरपाळ्याच्या आकाराचा पारदर्शक सेल्युलॉइडचा तुकडा शिवलेला असतो, तेल आणि घाम अस्तराला लागू नये म्हणून, आणि त्याखाली कंपनीचं चिन्ह. बर्लिनच्या रोबेर्ट लुबश्टाइनच्या टोप्यांवर 'एरेल' असं नाव असे. ही त्याच्या नावाची आद्याक्षरं, जर्मन उच्चारात सलग म्हटलेली. दुसरं नामांकित नाव 'पेक्युरो': पेटर क्युपर, रोन्सडॉर्फ. तिन्ही शब्दांचं डोकं कापून बनवलेलं.

५. टोपी फिरते

नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनी युद्ध हरला, कैसर गेला, आणि क्रांतीच्या त्या दिवसांत चिडलेल्या शिपायांनी ऑफिसरांच्या खांद्यावरच्या पट्ट्या आणि टोपीवरचे बिल्ले भर रस्त्यात उपटून काढले. तेव्हा बिनबिल्ल्याची टोपी दिसली की 'अपुरी' म्हणून नाक मुरडू नये. बिल्ला कसा गेला हाही तिच्या गोष्टीचा भाग असू शकतो.

पुढे प्रजासत्ताकाचा गरुड टोपीवर बसला. १९३३ साली काळा-पांढरा-लाल परतला आणि १७ फेब्रुवारी १९३४ च्या आदेशाने सैन्याच्या टोपीवर नाझी पक्षाचं चिन्ह धरलेला गरुड आला. सोळा वर्षांत चार सोंगं. त्यानंतरच्या टोप्यांत दल ओळखायची जागा बदलली: पट्टा सर्वांचा एकसारखा गडद हिरवा आणि ओळख पायपिंगच्या रंगात. पांढरी इन्फन्ट्री, लाल तोफखाना, गुलाबी रणगाडे, सोनेरी पिवळी घोडदळ, फिकट हिरवी डोंगरी फौज. रणगाड्यांना गुलाबी रंग कसा, याचं हसू येतं खरं, पण बाजारात त्याच पायपिंगला भाव जास्त, आणि म्हणून पायपिंग उसवून बदलण्याचे उद्योगही तिथेच.

६. टोपी घालणारे

माझा पहिला धडा असा. एका दुकानात (नाव कशाला?) ऑफिसरची देखणी टोपी पाहिली. कापड निळंशार, बिल्ले झळझळीत. दुकानदाराने ती पुढे केली तशी मीही समोरूनच बघत राहिलो. विकत घेणार इतक्यात शेजारी उभे असलेले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "घामपट्टी बघितलीत का?" घामपट्टी म्हणजे आतली चामड्याची गोल पट्टी. ती सगळीकडून सारखीच तपकिरी होती. डोकं असं घाम गाळत नाही हो. कपाळाकडे पट्टी काळवंडते, मागे कमी. टोपी काढायची तर हात चोचीलाच जातो, म्हणून चोचीची कड बोटांच्या जागी झिजते. ही टोपी चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखी चहूकडून सारखी म्हातारी झाली होती.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट आधी बघतो: झीज एकमेकांना ओळखते का? अस्तर फाटलेलं आणि घामपट्टी कोरी, हे एका डोक्याखाली जमत नाही.

बाकी साधनं किरकोळ. भिंगाखाली अस्तरावरचा शिक्का बघा. खरी शाई धाग्यांत मुरून कडेला पसरलेली असते; आजच्या प्रिंटरची छपाई बारीक ठिपक्यांची दिसते. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली टोपी धरा. आजच्या धाग्यांत आणि धुण्याच्या पावडरीत पांढरेपणा आणणारी रसायनं असतात, ती निळसर पांढरी चमकतात. पण हा दिवा अर्धाच साक्षीदार. शिवण चमकली तर संशय घ्या. मात्र कुणा आजीबाईने १९७० साली टोपी प्रेमाने धुतली असेल तरी ती चमकेल. आणि नाही चमकली म्हणून खरी ठरत नाही, कारण नकलाकारांकडेही तो दिवा असतो. सुटलेल्या धाग्याचं टोक मालकाला विचारून जाळून पाहतात. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, लोकर जळत्या केसांसारखा वास मारते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. १९१५ च्या टोपीत पॉलिएस्टर असेल, तर पुढे बोलायचं कारण उरत नाही.

सगळ्यात अवघड नक्कल ती, जिच्यातलं सामान अस्सल जुनं असतं. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतरही सीमा पोलीस, वनखातं, अग्निशमन दल तशाच आकाराच्या टोप्या घालत होते. त्यांची चिन्हं काढायची, जुनी चिन्हं टाचायची. कापड जुनं, चामडं जुनं, दिवा गप्प. अशा वेळी पुन्हा शिवणीच्या भोकांकडेच यावं लागतं. एका चोचीला दोनदा शिवल्याची भोकं कशाला?

७. त्या चिन्हाचं काय?

या छंदात शिरणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही, आणि टाळू नये. जर्मनीच्या दंडसंहितेचं ८६ अ हे कलम नाझी चिन्हं जाहीरपणे वापरायला बंदी घालतं. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इतिहास, शिक्षण, कला, संशोधन यांना सूट आहे. म्हणून जर्मन लिलावांच्या छापील याद्यांत टोपीचा फोटो असतो आणि गरुडाच्या पायांतलं चिन्ह झाकलेलं असतं. ऑस्ट्रियाचा कायदा याहून कडक. आपल्या दाराच्या उंबऱ्यावर स्वस्तिक काढणाऱ्या मराठी माणसाला ही कडकपणाची गरज चटकन जाणवत नाही, पण तिथल्या रस्त्यावर ते चिन्ह म्हणजे शुभशकुन नव्हे, लाखो माणसांच्या हत्येची सही आहे.

बाजारात सर्वांत महाग एसएस या नाझी दलाच्या टोप्या आणि सर्वांत जास्त नकला त्यांच्याच. माझं मत विचाराल तर या टोप्या संग्रहालयात शोभतात. ड्रेस्डेनच्या लष्करी इतिहास संग्रहालयात किंवा इंगोलश्टाटच्या बव्हेरियन लष्करी संग्रहालयात, शेजारी त्या काळाची पूर्ण हकीकत मांडलेली असते, तिथे. दिवाणखान्याच्या कपाटात त्या का ठेवायच्या, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. कैसरकालीन शिपायाची टोपी ठेवणाऱ्यानेही तिला निष्पाप समजू नये, पण तिच्यापाशी निदान बसून बोलता येतं.

८. कसर

टोपी घरी आली की तिचा शत्रू बदलतो. आता भीती नकलाकाराची नसते, कसरीची असते. लोकरी कापडावर कसरीच्या अळ्या जगतात, आणि आपल्या पावसाळ्यात चामड्यावर बुरशी चढायला आठवडा पुरतो. धुवायचं नाही. चामड्याला तेल चोळायचं नाही. पूर्वी चोळायचे, त्याने डाग पडले आणि धूळ बसली. टोपीत वर्तमानपत्र कोंबायचं नाही, कारण स्वस्त कागदातलं आम्ल हळूहळू अस्तर खातं. आम्लविरहित पांढरा कागद चुरगाळून भरावा, ऊन लागू देऊ नये, हवा कोरडी ठेवावी आणि महिन्यातून एकदा टोपी बाहेर काढून बघावी. डांबराच्या गोळ्यांपेक्षा हे बघणं जास्त उपयोगी पडतं. सेल्युलॉइडचा तुकडा पिवळा पडून तडकायला लागला असेल तर ती टोपी इतरांपासून दूर ठेवावी. तो तुकडा आम्लाची वाफ सोडतो.

वर्तमानपत्रावरून आठवलं. एका परिचितांच्या संग्रहातली शिपायाची टोपी मी उलटी केली तेव्हा घामपट्टीच्या मागे काहीतरी टणक लागलं. चिमट्याने हळूच पाहिलं तर कागदाची लांबट घडी होती, कपाळाच्या घामाने तपकिरी झालेली. टोपी मापाला मोठी निघाली असणार, म्हणून त्या पोराने वर्तमानपत्राची पट्टी फाडून आत सरकवली. अक्षरं वाचता येत नव्हती. कागद आम्लाने चामडं खातोय हे आम्हा दोघांनाही कळत होतं. काढावा तर त्याने ठेवलेला काढायचा, ठेवावा तर त्याचीच टोपी झिजवायची. शेवटी परिचितांनी तो आहे त्या जागी ठेवून फोटो काढला, मग घडी न उलगडता बाहेर घेतला, लिफाफ्यात घातला आणि लिफाफ्यावर पेन्सिलीने लिहिलं: 'पुढची बाजू, डाव्या डोळ्याच्या वर.'